पेपरच्या आधीची दुआ: मागायचं काय आणि कसं?

फेब्रुवारी लागला की मुस्लिम घरांतल्या मोबाईलवर एक ठरावीक मेसेज फिरू लागतो. हिरव्या चौकटीत अरबी ओळ, खाली उर्दू, हिंदी आणि आता मराठीतही सूचना: ही दुआ एक्केचाळीस वेळा वाचा, पेनावर दम करा, पेपर सोपा जाईल. कधी आकडा ३१३ असतो, कधी ७८६. शेवटी ‘अकरा जणांना पाठवा’ हेही असतंच. घरच्या ग्रुपवर मामू पाठवतात, खाला पाठवते. दहावीच्या मुलाची अम्मी तो मेसेज रात्री साडेअकराला त्याच्या उशाशी नेऊन वाचून दाखवते.

हैदराबादला राहणाऱ्या एका मराठी वाचक भगिनीने याच हंगामात विचारलंय, “आपा, मुलगा दहावीला आहे. नेमकी कोणती दुआ वाचायला सांगू? आणि किती वेळा?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ‘किती वेळा’पाशी मात्र जरा थांबावं लागेल.

घाई नको, मग ज्ञान

विद्यार्थ्यांची दुआ म्हटलं की सगळ्यात आधी जिचं नाव निघतं ती कुरआनातच आहे. विसावी सूरह, सूरह ताहा, आयत ११४. आयतीचे अगदी शेवटचे तीन शब्द म्हणजे ती दुआ. तिच्यात आपलं ज्ञान वाढावं एवढंच मागणं आहे. गुण, टक्के, पहिला नंबर यांचा उल्लेखही नाही. मकतबमध्ये जाणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलालाही ही पाठ असते, म्हणून मोठेपणी तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

याच आयतीचा आधीचा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर कधी येत नाही. तिथे पैगंबर मुहम्मद (स.) यांना सांगितलंय की, आयत उतरून पूर्ण व्हायच्या आत ती म्हणण्याची घाई करू नका. भाष्यकार याचं कारण देतात. फरिश्ते जिब्रील आयत ऐकवत असायचे आणि एखादा शब्द निसटेल या काळजीने पैगंबर सोबतच ओठ हलवून म्हणू लागायचे. त्यांना आधी ‘धीर धरा, पूर्ण ऐकून घ्या’ असं सांगितलं गेलं आणि त्याला जोडूनच ज्ञानवाढीची दुआ शिकवली गेली.

पेपरच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच उघडून बारा धडे एकदम गिळायला निघालेल्या मुलाला मी आधी हा संदर्भ सांगेन, दुआ त्यानंतर. कारण ही दुआ वर्षभराची आहे. जून महिन्यात, नवीन पुस्तकाला कव्हर घालताना म्हणायची. मार्चमध्ये म्हणू नये असं नाही, पण मार्चमध्ये पहिल्यांदा आठवली तर मागणाऱ्याने तिचा अर्थ पाहिलेला नसतो.

ज्ञानाबद्दलची आणखी एक दुआ इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात आहे. पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा सांगतात की फजरची नमाज संपल्यावर ते तीन गोष्टी मागत: उपयोगी पडणारं ज्ञान, चांगली रोजी आणि कबूल होणारं काम. क्रम बघा. रोजीच्या आधी ज्ञान आलं, आणि तेही ‘उपयोगी पडणारं’. सहीह मुस्लिममध्ये तर, ज्याचा फायदा नाही अशा ज्ञानापासून वाचव, अशी उलट बाजूची दुआही आहे. शिकवणीच्या जाहिराती बघताना मला ती हमखास आठवते.

जीभ अडखळते तेव्हा

तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, मुलाखत. इथे बरीच मुलं येत असलेलं उत्तर विसरतात. यासाठी सांगितली जाते ती हजरत मूसा यांची दुआ, तीही सूरह ताहामधलीच, आयत २५ ते २८. प्रसंग असा: फिरऔनसारख्या जुलमी राजासमोर जाऊन बोलायची जबाबदारी मूसांवर आली. त्यांनी मागितलं की छाती मोकळी व्हावी, काम सोपं व्हावं, जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपलं बोलणं समजावं.

शेवटचा भाग मला फार आवडतो. आपलं बोलणं समोरच्याला कळावं, हे त्यांचं मागणं. लोक आपल्यावर खूश व्हावेत, आपण जिंकावं, असं काही त्यात नाही. व्हायवाला परीक्षकांसमोर बसलेल्या मुलीला याहून जास्त काय हवं असतं?

दुआ पाठ करणारे बहुतेक जण २८व्या आयतीवर थांबतात. मूसा थांबले नव्हते. पुढच्याच आयतींत ते घरातला एक मदतनीस मागतात, आपला भाऊ हारून. म्हणजे अल्लाहकडे दुआ मागतानाच ‘मला माणसाची मदत लागेल’ हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. गणित अडलं की शेजारच्या दादाला किंवा सरांना विचारायला लाजणाऱ्या मुलांनी पुढच्या चार आयतीसुद्धा वाचाव्यात.

पेपर हातात पडल्यावर पहिलाच प्रश्न अनोळखी दिसला तर? त्या क्षणासाठी एक छोटी दुआ इब्ने हिब्बान यांच्या संग्रहात आहे, हजरत अनस यांनी सांगितलेली. तिचा भाव असा की सोपं तेच जे तू सोपं करशील, आणि तू ठरवलंस तर अवघडही सोपं होतं. मनातल्या मनात म्हणायला पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांत श्वासही जागेवर येतो, हा माझा अनुभव. मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचं. पहिल्याला नंतर बघता येतं.

काळजीच्या शेजारी आळस

हेच अनस लहान असताना, साधारण दहाव्या वर्षी, पैगंबरांच्या घरी कामाला आले आणि दहा वर्षं तिथेच राहिले. घरात वावरताना जी दुआ कानावर वारंवार पडायची ती त्यांनी पुढे सांगितली. सहीह बुखारीत ती आहे. काही गोष्टींपासून आसरा मागणारी ही दुआ आहे: चिंता आणि दुःख, हतबलता आणि आळस, भित्रेपणा आणि कंजूषपणा, कर्जाचं ओझं आणि माणसांची दडपशाही.

पहिल्या चार शब्दांत परीक्षेचा अख्खा हंगाम आला. जुने विद्वान फरक सांगतात की चिंता पुढे काय होईल याची असते आणि दुःख होऊन गेलेल्याचं. झालेल्या पेपरचं दुःख आणि उद्याच्या पेपरची चिंता, दोन्ही एकाच रात्री मुलाच्या डोक्यात असतात. त्यापुढची जोडी आणखी नेमकी आहे. हतबलता म्हणजे करावंसं वाटतं पण जमत नाही. आळस म्हणजे जमतं पण करावंसं वाटत नाही. दोन्हींपासून वेगवेगळा आसरा मागितलाय. आपल्याकडे मात्र मूल अभ्यास करत नसेल तर सरसकट ‘आळशी’ हा एकच शिक्का बसतो. कित्येकदा ते घाबरून गोठलेलं असतं.

यादीच्या शेवटची ‘माणसांची दडपशाही’ वाचून निकालाच्या दिवशी फोन करणारे नातेवाईक आठवले तर हसू नका. मलाही तेच आठवतात.

आकडा कुठून आला?

आता ‘किती वेळा’. वर सांगितलेल्या दुआंसोबत परीक्षेसाठी अमुक इतक्या वेळा म्हणा असा आकडा कुठेही नाही. नमाजनंतरच्या तसबीहचे आकडे हदीसमध्ये आहेत, तेहतीस, तेहतीस आणि चौतीस, ते सगळ्यांना माहीत आहेत. परीक्षेचे ३१३ आणि ४१ हे मेसेजवाल्यांचे. आपल्या उपखंडात बुजुर्गांनी सांगितलेल्या वजीफ्यांची जुनी पद्धत आहे, घरच्या मोठ्यांनी प्रेमाने सांगितलं आणि मुलाचं मन शांत झालं तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘पेपर सोपा जाईलच’ या हमीबद्दल.

त्या हमीने नुकसान होतं. परीक्षा केंद्राच्या दाराशी मुलगी बैठक क्रमांकाचा फलक बघायचा सोडून बोटांवर मोजत उभी राहते. मोजताना चुकलं की घाबरून पुन्हा पहिल्यापासून. पेपर वाईट गेला की तिला वाटतं, माझा आकडा चुकला म्हणून असं झालं. किंवा त्याहून वाईट, अल्लाह माझं ऐकत नाही. पंधरा वर्षांच्या जिवाने हे ओझं का घ्यायचं?

तीन प्रकारे दुआ कबूल होते असं मुसनद अहमदमधल्या अबू सईद खुदरी यांच्या हदीसमध्ये येतं: मागितलं ते लवकर मिळतं, किंवा आखिरतसाठी राखून ठेवलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. अट इतकीच की मागणं पापाचं किंवा नाती तोडण्याचं नसावं. बुखारी आणि मुस्लिम दोघांच्याही संग्रहात आहे की माणूस घाई करत नाही, ‘मागितलं पण मिळालं नाही’ असं म्हणून सोडून देत नाही, तोवर त्याची दुआ कबूल होत राहते. हमी आहे ती ऐकलं जाण्याची. मार्कशीटवरच्या आकड्याची हमी कुणी दिलेली नाही.

आणि उंटाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. एकाने विचारलं, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? तिर्मिजींच्या संग्रहात उत्तर आहे: आधी बांध, मग भरवसा ठेव. ही गोष्ट मौलाना लोक प्रत्येक भाषणात सांगतात, त्यामुळे मुलं कंटाळलेली असतात. म्हणून जास्त लांबवत नाही. बारावीच्या मुलाचा उंट म्हणजे मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं.

सलातुल हाजत म्हणजे गरजेच्या वेळची दोन रकात नमाजही बरेच जण परीक्षेआधी पढतात. तिची जी हदीस तिर्मिजींनी दिली आहे, तिची सांगणाऱ्यांची साखळी कमजोर असल्याचं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. तरी दोन रकात नफिल पढून दुआ मागायला कुणाची हरकत नाही. घरात सगळे झोपलेले असताना पढलेल्या दोन रकातींचा दिलासा वेगळाच असतो.

मराठीत मागितली तर चालते का?

हा प्रश्न मला महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांकडून जास्त येतो. बेंगळुरू, सुरत, इंदूर अशा ठिकाणी वाढलेल्या मुलांना उर्दू धड येत नाही, अरबी फक्त वाचता येते आणि घरात मराठी. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांत तर आई मुलासाठी हात वर करते तेव्हा शब्द कोकणी-मराठीच निघतात. नमाजच्या बाहेरची दुआ कुठल्याही भाषेत मागता येते. नमाजच्या आत स्वतःच्या भाषेत मागण्याबद्दल, विशेषतः हनफी विद्वान, जपून राहायला सांगतात, तेव्हा सलाम फेरल्यावर मागा. सुरुवातीला अल्लाहची स्तुती, मग दुरूद, मग आपलं मनातलं. ‘या अल्लाह, इतिहासाच्या सनावळ्या आठवू दे’ असं मराठीत म्हटलेलंही चालतं.

अरबी शब्द म्हणायचे असतील तर मात्र ते मेसेजमधल्या देवनागरीवरून पाठ करू नका. एक उदाहरण देते. ‘अलीम’ असं देवनागरीत लिहिलं की अरबीतले दोन निराळे शब्द एकच दिसतात. ‘ऐन’ अक्षराने सुरू होणारा अलीम म्हणजे सगळं जाणणारा, अल्लाहचं एक नाव. ‘अलिफ’ने सुरू होणारा अलीम म्हणजे यातना देणारा. घरातला कुरआन उघडा, वर दिलेले आयतींचे आकडे शोधा आणि मकतबच्या उस्तादांकडून किंवा घरात ज्यांचा उच्चार चांगला आहे त्यांच्याकडून एकदा ऐकून घ्या. दहा मिनिटांचं काम.

मासिक पाळीचे दिवस आणि पेपर एकत्र आले की बऱ्याच मुली हिरमुसतात. नमाज नाही, मग आपली दुआही नाही असं त्यांना वाटतं. हे चूक आहे. त्या दिवसांत नमाज माफ आहे, पण दुआ आणि जिक्र यांना काहीच बंदी नाही. आयांनो, हे मुलीला तिने विचारायची वाट न बघता सांगा. ती विचारणार नाही.

आईबापाची जीभ

या सगळ्यात मोठी माणसं स्वतःचा भाग विसरतात. तीन दुआ नक्की कबूल होतात असं हदीसमध्ये येतं: ज्याच्यावर जुलूम झाला त्याची, प्रवाशाची आणि आईबापाने मुलासाठी मागितलेली. अबू दाऊद आणि तिर्मिजी दोघांनीही ती दिली आहे. परीक्षेच्या दिवसांत घराघरांत ही सांगितली जाते आणि आई फजरला उठून हात पसरते. चांगलंच आहे.

याच्या बरोबरीने सहीह मुस्लिममधली दुसरी हदीस सांगायला हवी. स्वतःला, आपल्या मुलांना आणि आपल्या मालमत्तेला बददुआ देऊ नका, न जाणो ती घडी कबुलियतची असेल. आता आठवा, गेल्या महिन्याभरात घरात काय काय बोललं गेलं. ‘तू नापासच होणार.’ ‘तुझ्या हातून काही व्हायचं नाही.’ ‘तुझ्यापेक्षा तुझी चुलत बहीण बरी.’ सकाळी साडेपाचला मागितलेली दुआ आणि संध्याकाळी साडेपाचला काढलेले हे शब्द एकाच तोंडातले. मुलाला सकाळची दुआ ऐकू जात नाही, तो झोपलेला असतो. संध्याकाळचं त्याला शब्दन् शब्द ऐकू जातं.

अब्बांनी पेपरच्या सकाळी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने दुआ दिली तर मुलाला ती ऐकू येईल. आपल्याकडचे पुरुष याला जरा लाजतात. दारात चपला घालताना ठेवा हात, दोन सेकंदांचं काम आहे.

वर्गात शिरताना

हे सगळं मागून खिशात कॉपी घेऊन जाणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण तसे असतात आणि दुआ मागूनच जातात. सहीह मुस्लिममध्ये बाजारातला प्रसंग आहे. पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला पाऊस पडला. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं विचारून त्यांनी बजावलं की फसवणारा आपला नाही. उत्तरपत्रिकाही तसाच ढीग आहे, वर एक आणि आत एक.

आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घाला. उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर ७८६ किंवा बिस्मिल्लाह लिहायची बऱ्याच जणांना सवय असते. ओळख पटेल अशी कोणतीही खूण उत्तरपत्रिकेवर करू नका, अशी सूचना अनेक परीक्षा मंडळं देतात, आणि कुणाही धर्माचं चिन्ह किंवा देवाचं नाव त्यातच धरलं जाऊ शकतं. बिस्मिल्लाह तोंडाने म्हणा आणि पेन टेकवा. धातूच्या पेटीतला ताईत गळ्यात असेल तर नीटसारख्या परीक्षेत तपासणीच्या वेळी तो काढायला लावतील. दारात रडारड होण्यापेक्षा घरीच काढून ठेवा. हिजाब घालणाऱ्या मुलींनी तिथे ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी पोहोचावं, तपासणीला वेळ लागतो.

महाराष्ट्रात सकाळचा पेपर अकराला सुरू होतो आणि दुपारी दोनच्या सुमारास संपतो. जोहरचा वक्त त्यानंतरही शिल्लक असतो, तेव्हा नमाज चुकेल म्हणून शेवटचा प्रश्न सोडायची गरज नाही. दुपारी तीनचा पेपर असेल तर जोहर आधी पढून जा. सहाला सुटल्यावर मुंबईकडे मार्चमध्ये मगरिबला साधारण पाऊण तास उरतो, असर त्यात बसते, फक्त गेटवर ‘पाचवं उत्तर काय लिहिलंस’ करत थांबू नका. पूर्वेकडच्या शहरांत सूर्य लवकर मावळतो, तिथल्या वाचकांनी आपल्या मशिदीचं वेळापत्रक बघावं.

राहिला रोजा. गेली काही वर्षं रमजान आणि बोर्डाची परीक्षा गळ्यात गळे घालून येतायत. २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता आणि महाराष्ट्रातली दहावी १ ते २६ मार्च. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला, दहावी २१ फेब्रुवारी ते १७ मार्च. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणजे आता काही वर्षांत तो परीक्षेच्या आधीच होऊन जाईल आणि पुन्हा मार्चमध्ये यायला तीसेक वर्षं लागतील. आजारी आणि प्रवासी यांना रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनानेच दिली आहे, सूरह बकराच्या १८५व्या आयतीत. बाकी आपल्या मुलाची तब्येत, औषधं, अंतर यांचा विचार करून आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा, शेजारणीला नको. रोजा ठेवणार असाल तर सहरीला तेलकट पराठ्यांपेक्षा दही, केळं, अंडी, भरपूर पाणी बरं, आणि तरावीहनंतर मोबाईल बंद. इफ्तारच्या क्षणी रोजेदाराची दुआ नाकारली जात नाही असं हदीसमध्ये आहे. खजूर तोंडात टाकायच्या आधीचं ते अर्धं मिनिट परीक्षार्थीने भज्यांच्या ताटाकडे बघण्यात घालवू नये!

निकालानंतर

निकाल चांगला लागला तर शुक्राचा सजदा करा, पेढे वाटा, स्टेटस ठेवा. कोणत्या शाखेला जायचं याचा घोळ असेल तर इस्तिखारा आहे. बुखारीत हजरत जाबिर सांगतात की पैगंबर तो कुरआनाची सूरह शिकवावी तसा प्रत्येक कामासाठी शिकवत. दोन रकात पढून जे भलं असेल ते घडू दे, नसेल तर दूर कर, असं मागायचं. स्वप्न पडायलाच हवं असं त्या हदीसमध्ये कुठेच नाही, आणि ज्याला अकरावीला जायचंय त्यानेच तो करावा. ऑनलाइन पैसे भरून दुसऱ्याकडून इस्तिखारा करून घेणाऱ्यांना मी काय सांगू!

निकाल हवा तसा लागला नाही तर त्या दिवशी घरात ‘तू दिलसे दुआ मागितली नव्हतीस’ हे वाक्य कुणीही उच्चारू नये. कुणाच्या दुआत किती जीव होता हे मोजायचं काम आपल्याकडे दिलेलं नाही. त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका, जेवायला आपल्यासोबत बसवा, फोन करणाऱ्या नातेवाइकांना अब्बांनी उत्तर द्यावं. हजरत अनसवाली चिंता-दुःखाची दुआ त्या रात्री आई-अब्बांनीही म्हणावी, मुलाला ऐकू जाईल अशी. आणि सकाळी उठून पुरवणी परीक्षेच्या अर्जाची तारीख बघा. निकालानंतर काही दिवसांतच शाळेतून अर्ज सुरू होतात आणि परीक्षा जून-जुलैमध्ये होते. गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत हवी असेल तर तिची मुदतही थोडीच असते, वेगळी फी लागते. शाळेच्या ऑफिसात जाताना बैठक क्रमांक लिहून न्या.